अर्धवट सोडलेल्या पुस्तकाची बाजू

15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो, कलामसाहेबांचा वाढदिवस, 2015 पासून राज्यभर साजरा होतो, तर त्या निमित्तानं ठाण्यातल्या आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत मुलांसाठी वाचनाचा उपक्रम सुरू झाला. कल्पना खरंच चांगली आहे आणि ज्यांनी ती उचलून धरली त्यांच्याबद्दल मला आदर आहे. क्लबहाऊसच्या कोपऱ्यात दोन कपाटं, लोकांनी घरातून आणून दिलेली पुस्तकं, आणि भिंतीवर प्रत्येक मुलाच्या नावाचा तक्ता. वाद झाला तो तक्त्यातल्या एका रकान्यावरून. 'पूर्ण वाचलं का? हो/नाही.' हो असेल तर स्टार. नाही असेल तर ते पुस्तक धरायचंच नाही, आणि लागोपाठ दोनदा नाही आलं की तिसरं पुस्तक नेताना आईबाबांची सही आणायची. आमच्याच मजल्यावरचा पाचवीतला एक मुलगा दोन पुस्तकं अर्धवट परत करून आला आणि तिसऱ्या रविवारी खाली उतरलाच नाही. त्याच्या आईनं हे मिटिंगमध्ये काढलं आणि पाण्याच्या टँकरचा विषय बाजूला राहून दीड तास सगळे यावरच बोलत होते.

त्या दीड तासात दोन गट पडले. एक म्हणत होता की हाती घेतलेलं शेवटाला न्यायची सवय लहानपणीच लागते, आधीच मोबाईलनं मुलांचा धीर गेलाय, पंधरा सेकंदांत मजा नाही आली की अंगठा वर सरकतो, निदान पुस्तकात तरी ही सूट नको. दुसरा गट म्हणत होता की अहो वाचतायत तेच खूप आहे, बोअर झालं तर सोडू दे, दुसरं सोपं काहीतरी द्या. मी ऐकत बसले होते आणि मला दोन्ही पटेना, कारण ही माणसं भांडत असली तरी एका गोष्टीवर त्यांचं न बोलता एकमत होतं. मुलानं पुस्तक सोडलं म्हणजे एकतर त्याला ते आवडलं नाही नाहीतर झेपलं नाही, हे दोघांनीही धरूनच चाललं होतं. म्हणून एकाला त्याला पुढे ढकलायचं होतं आणि दुसऱ्याला त्याच्या हातात हलकं काहीतरी द्यायचं होतं. पुस्तक सोडायला तिसरं कारण असू शकतं हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. पुस्तक मध्येच सोडणं हाही वाचण्याचाच भाग आहे, त्याचं कारण मुलाकडे मागायचं नाही, आणि मोठ्यांचं काम असेल तर ते एवढंच की ते पुस्तक त्याच्या आसपास राहू द्यायचं, सहा महिने, वर्ष, लागली तर पस्तीस वर्षं.

पस्तीस हा आकडा माझा स्वतःचा आहे. 1989 मध्ये मी सातवीत होते. आम्ही ठाण्यातच चरईत दोन खोल्यांत राहायचो, आई घरी ब्लाउज शिवायची, बाबा लोकलनं फोर्टला नोकरीला जायचे आणि पगाराच्या दिवशी फाउंटनच्या फुटपाथवरून एखादं जुनं पुस्तक घेऊन यायचे. त्यात एकदा एक इंग्लिश पुस्तक आलं, एरिश केस्टनर नावाच्या जर्मन लेखकाचं 'एमिल अँड द डिटेक्टिव्ह्ज'. मुलांसाठीची रहस्यकथा, मूळ जर्मनमध्ये 1929 साली आलेली. मी मराठी मिडियमची, आमच्या वेळी इंग्लिश सुरूच पाचवीत व्हायचं, म्हणजे माझ्या पदरी जेमतेम दोन वर्षांचं इंग्लिश होतं, पण बाबांची डिक्शनरी मांडीवर घेऊन मी रोज दोन-तीन पानं सर करत होते. एमिलची गोष्ट अशी की त्याला वडील नाहीत, आई घरीच बायकांचे केस धुऊन सेट करून देते आणि त्यावर घर चालतं, ती त्याला सुट्टीत बर्लिनला आजीकडे पाठवते आणि सोबत 140 मार्क देते, शंभराची एक नोट आणि विसाच्या दोन. त्यातले 120 आजीला द्यायचे. एमिलला त्या पैशांची इतकी काळजी की गाडी सुरू झाल्यावर तो डब्याच्या टॉयलेटमध्ये जातो आणि पाकीट, आतल्या नोटा आणि कोटाचं अस्तर असं सगळं एकत्र टाचणीनं टाचून टाकतो. डब्यात एक टोपीवाला माणूस असतो, चॉकलेट देतो. एमिलला झोप लागते, भयंकर स्वप्न पडतं, जाग येते तेव्हा तो सीटवरून खाली पडलेला असतो, टोपीवाला गायब, आणि खिशात हात घालतो तर नोटा नाहीत. हाताला लागते फक्त टाचणी, ती बोटात घुसते आणि रक्त येतं.

तिथे मी पुस्तक बंद केलं आणि परत उघडलं नाही.

बाबांनी विचारलं, इंग्लिश कठीण पडतंय का, मी हो म्हटलं. आईला वाटलं कंटाळा आला. दोन्ही खोटं होतं. खरं असं होतं की त्याच आठवड्यात आईनं मला शेजारच्या काकूंबरोबर चिपळूणला आजीकडे पाठवायचं ठरवलं होतं, कोकण रेल्वे तेव्हा नव्हती, खोपटच्या स्टँडवरून एसटीनं, आणि माझ्या फ्रॉकच्या आतल्या खिशात आजीसाठी दोनशे रुपये ठेवून वरून सेफ्टी पिन लावणार होती, हे तिनं मला दोनदा सांगितलं होतं, काकूंच्या समोर नाही, हळूच. ते दोनशे रुपये किती ब्लाउजचे होते ते मला माहीत होतं कारण हुक-काजाचं काम मी करायचे. आता सांगा, त्या पानावर बसलेल्या बारा वर्षांच्या मुलीला पुस्तक झेपलं नव्हतं का? मला वाटतं, मी ते पुस्तक ज्या ताकदीनं वाचलं तितक्या ताकदीनं नंतर आयुष्यात फार कमी पुस्तकं वाचली असतील. एमिल रडतो ते बोटातल्या रक्तासाठी नाही, आईनं किती मेहनतीनं ते पैसे जमवले होते ते आठवून रडतो, हे लेखकानं सांगायच्या आधी मला कळलं होतं. पुढे वाचणं मला शक्य नव्हतं, कारण पैसे मिळाले नाहीत तर? रहस्यकथेत शेवटी चोर सापडतो हे मोठ्यांना ठाऊक असतं, बारा वर्षांच्या मुलीला तशी खात्री कोण देणार? तक्त्यात तेव्हा माझ्या नावापुढे 'नाही' लागलं असतं. शेजारच्या एखाद्या मुलानं तेच पुस्तक भराभर संपवून 'हो' लावलं असतं. दोघांत वाचलं कुणी, हे तो रकाना सांगू शकतो का?

मागच्या वर्षी चरईची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, सामान बांधताना पत्र्याच्या ट्रंकेत ते पुस्तक सापडलं. आत खूण म्हणून आईच्या अक्षरातली मापाची चिठ्ठी होती, छाती 34, उंची 14, बाही 9, कुठल्या गिऱ्हाइकाची देव जाणे. मी भाड्याच्या घरातल्या पसाऱ्यात बसून दोन रात्रींत ते पूर्ण वाचलं. पहिली गोष्ट जाणवली ती म्हणजे मी सोडलं तिथपर्यंत अख्ख्या रहस्याची किल्ली माझ्या हातात आलेली होती. पुढे बर्लिनमधली पोरं एमिलच्या मदतीला येतात, टोपीवाल्याच्या मागे शंभरेक मुलांचा घोळका लागतो, तो बँकेत नोटा बदलायला जातो आणि तिथे प्रश्न उभा राहतो की हे पैसे एमिलचेच कशावरून? तर टाचणीवरून. नोटांना टाचणीची भोकं आहेत, कॅशियर नोट उजेडात धरून बघतो आणि चोर अडकतो. ज्या टाचणीनं मला रडवलं होतं तीच साक्षीदार निघाली.

आणि इथेच मला एक गोष्ट लक्षात आली जी मी मिटिंगमध्ये नीट मांडू शकले नाही. समजा 1989 मध्ये बाबांनी मला बसवून, हट्टानं, शेवटपर्यंत वाचायला लावलं असतं, तर तो शेवट मला पटला असता का? अजिबात नाही. त्या काळी आपल्याकडे बँका नोटांच्या बंडलाला जाड स्टेपल मारायच्या, कोरी करकरीत नोट घ्या नाहीतर मळकी, पांढऱ्या भागात भोकं असायचीच, कधी कधी बंडल सोडवताना फाटायच्या. रिझर्व्ह बँकेनं बँकांना हे स्टेपल मारणं बंद करायला सांगितलं ते 2001 मध्ये. चरईतल्या मुलीला नोटेला भोक असणं यात पुरावा कसला दिसणार, भोक नसलेली नोट दिसली असती तर तिनं वळून बघितलं असतं. मी आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मी पिन नोटांना नव्हतीच लावली गं, खिशाला लावली होती. नोटांना कशाला भोकं पाडू?" अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला पस्तीस वर्षांपूर्वीची पिन कुठे लावली होती ते आठवत होतं. तो शेवट समजायला मला वेगळ्या नोटा बघायला लागल्या, स्वतःच्या मुलीला पहिल्यांदा एकटीला पुण्याला पाठवताना रात्रभर जागायला लागलं. शिवाय हेही कळलेलं असावं लागलं की ज्या बर्लिनच्या रस्त्यांवरून ही पोरं हसत-खेळत पळतात त्याच शहरात चारच वर्षांनी, मे 1933 मध्ये, नाझींनी पुस्तकांची होळी केली, त्यात केस्टनरची पुस्तकं होती आणि तो स्वतः गर्दीत उभा राहून ते बघत होता. हे सगळं घेऊन मी त्या पुस्तकाकडे परत गेले. सातवीतच संपवून ठेवलं असतं तर परत गेले असते का? मला शंका आहे. जे संपलं त्याकडे माणूस सहसा वळत नाही, जे राहिलं ते आतून टोचत राहतं.

आता विरुद्ध बाजूचे मुद्दे, कारण ते कच्चे नाहीत. पहिला धीराचा. हे मी मान्य करते आणि अर्धवट मान्य करत नाही. काही पुस्तकं पन्नास पानांपर्यंत दार उघडत नाहीत आणि एक्कावन्नाव्या पानावर घर आपलं होतं, हे ज्यानं अनुभवलंय तो मुलाला 'अजून थोडं वाच' म्हणणारच, म्हणायलाही हवं. माझी आजी गुरुचरित्राचं पारायण करायची, सात दिवस, रोजचे ठरलेले अध्याय, अंग दुखत असलं तरी सोडायचं नाही, आणि त्या नियमानं तिला एक बळ दिलं होतं जे मी डोळ्यांनी बघितलंय. घेतलेली पोथी अर्धवट ठेवू नये हा आपल्याकडचा जुना संस्कार आहे आणि मला वाटतं सोसायटीतल्या काकांच्या बोलण्यात नकळत तोच होता. पण पारायण हे व्रत आहे, ते मोठं माणूस आपल्या मनानं घेतं, आणि त्यातला मजकूर त्याला आधीपासून माहीत असतो. मुलाच्या हातातली रहस्यकथा हे व्रत नाही. आणि संस्कारच म्हणाल तर आपल्या परंपरेत दुसरा आवाजही आहे की. नामदेवांनी ज्ञानेश्वरीबद्दल काय सांगितलं? 'नामा म्हणे ग्रंथ श्रेष्ठ ज्ञानदेवी, एक तरी ओवी अनुभवावी.' नऊ हजारांवर ओव्यांच्या ग्रंथाबद्दल बोलताना त्यांनी मोजणी एका ओवीवर आणून ठेवली, आणि क्रियापद 'वाचावी' हे वापरलं नाही, 'अनुभवावी' म्हटलं. कुणी म्हणेल की ओवी सुटी उभी राहते, कादंबरीचं पान तसं राहत नाही, तर हे बरोबर आहे. पण टाचणी बोटात घुसते ते पान माझ्यापुरतं सुटं उभं राहिलं, पस्तीस वर्षं.

धीर शिकवायचा असेल तर त्याचा रस्ता मुलाच्या शेजारी बसून वाचण्यातून जातो, तक्त्यातून जात नाही. तक्त्यातून काय आलं ते मी कपाटापाशी बसून बघितलंय. पुस्तकं द्यायची-घ्यायची पाळी माझ्याकडे दोन रविवार होती. मुलं पुस्तक उचलायची, उलटं करून जाडी बघायची, आणि रहस्यकथा असेल तर तिथेच उभ्या उभ्या शेवटची दोन पानं वाचायची. एका मुलीला मी विचारलं, "अगं, शेवट आधी का वाचतेस?" ती म्हणाली, "मावशी, परत करताना तुम्ही विचारता ना, शेवटी काय झालं?" खरंच, आम्ही विचारत होतो. 'हो' खरं आहे ना हे तपासायला. म्हणजे आम्ही वाचनाची गोडी लावायला निघालो आणि रहस्यकथेचा जीव ज्या एका गोष्टीत असतो ती गोष्ट मुलांच्या हातून आधी मारून घेत होतो. त्या मुलीचं काय चुकलं? मोठ्यांनी जे मोजलं ते तिनं दिलं.

दुसरा मुद्दा खास रहस्यकथेचा आहे आणि तो एका निवृत्त बाईंनी फार चांगला मांडला. त्या म्हणाल्या, कविता सोडलीस तर सोडलीस, पण रहस्यकथा हा लेखकानं वाचकाशी केलेला करार असतो, मी कोडं घालतो, तू शेवटपर्यंत ये, मी उकलून दाखवतो, मध्येच उठून गेलास तर करार तू मोडलास आणि हाती काहीच आलं नाही. यात तथ्य आहे, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी गप्प झाले. पण घरी येऊन विचार केला. चार्ल्स डिकन्स 1870 मध्ये वारला तेव्हा त्याची शेवटची कादंबरी अर्धीच लिहून झाली होती, 'एडविन ड्रूडचं रहस्य', बारा भागांची ठरलेली आणि सहाच लिहिलेली. एडविन गायब झाला, त्याला कुणी मारलं की तो जिवंतच आहे हे सांगायला लेखकच उरला नाही. वाचकांनी ती फेकून दिली का? उलट गेली दीडशे वर्षं लोक ती उकलायला बसलेत. 1914 मध्ये तर लंडनमध्ये त्यातल्या संशयितावर खोटा खटला भरवला, चेस्टरटन न्यायाधीश, ज्युरीचा प्रमुख बर्नार्ड शॉ, आणि हॉलमध्ये बसून मोठमोठे लेखक एका कादंबरीतल्या पात्राची उलटतपासणी करत होते. शेवट नाही म्हणून ते रहस्य कमी झालं नाही. उत्तर ही रहस्यकथेतली एक गोष्ट आहे, मोठी गोष्ट आहे, पण आधी प्रश्न मनात रुजायला लागतो आणि तो रुजला की पुस्तक बंद असलं तरी आत काम चालू राहतं. आपल्याकडचंच बघा ना, एकनाथांचं भावार्थ रामायण त्यांच्या हातून युद्धकांडात राहिलं आणि पुढचं गावबानं पूर्ण केलं. आख्यायिका सांगते की हा गावबा म्हणजे रोज पुरणपोळीचा हट्ट धरणारा, मंद म्हणून सोडून दिलेला मुलगा. नाथांच्या घरात तो वाढला, ऐकत राहिला, कुणी त्याचा तक्ता भरला नाही, आणि वेळ आली तेव्हा अर्धवट राहिलेलं त्यानं पुढे नेलं.

आणि गंमत वाटण्यापेक्षा मला विचार करायला लावणारी गोष्ट म्हणजे याच रहस्यकथांवरून आधीच्या पिढ्यांनी मुलांना नेमकं उलटं रागावलंय. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, झुंजार आणि काळा पहाड या त्यांच्या नायकांपायी किती पोरांनी मार खाल्ला असेल, अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचायची म्हणून. बाबांनी स्वतः खाल्ला होता. तेव्हा तक्रार होती की खाली ठेवत नाही. अमेरिकेतही, त्याच 1914 साली, बॉय स्काउट्सचा मुख्य ग्रंथपाल लिहीत होता की स्वस्त साहसकथांच्या मालिका मुलांची डोकी उडवतायत. आज तक्रार काय, तर मध्येच खाली ठेवतो. शंभर वर्षांत आरोप पूर्ण फिरला, आरोपी मात्र मूलच. मग प्रश्न खरंच पुस्तक संपण्या-न संपण्याचा आहे, की मुलाच्या आणि पुस्तकाच्या मध्ये जी एक खासगी जागा असते तिथे आपल्याला प्रवेश नाही याचा आपल्याला त्रास होतो?

तिसरा मुद्दा सगळ्यात जड आहे आणि मिटिंगमध्ये तो कुणीच काढला नाही, तो मी स्वतःविरुद्ध काढते. माझ्याकडे ट्रंक होती. बाबा पुस्तक विकत आणत होते, ते घरात राहिलं, म्हणून मी पस्तीस वर्षांनी परत जाऊ शकले. ज्या मुलाच्या घरात पुस्तकच नाही, ज्याच्या हातात एकदा आलेलं पुस्तक पुन्हा येईलच असं नाही, त्याला 'सोड, नंतर वाच' म्हणणं म्हणजे त्याचं नंतर आपण गृहीत धरणं. आमच्या वॉचमनची मुलगी, सहावीत आहे, ती पण कपाटातून पुस्तकं नेते. तिच्या वडिलांची एजन्सी त्यांना कधी दुसऱ्या बिल्डिंगवर पाठवेल सांगता येत नाही, आधीची जागा त्यांनी आठ महिन्यांत सोडली. तिच्या बाबतीत 'पुस्तक आसपास राहू द्या' या माझ्या वाक्याला काय अर्थ आहे? इथे एखादा शिक्षक म्हणेल की मी तिला हट्टानं शेवटपर्यंत नेईन कारण तिला दुसरी संधी नाही, तर त्या शिक्षकाला मी चूक म्हणणार नाही, त्यात माया आहे. पण तो रकाना ही माया करत नाही हे लक्षात घ्या. तो रकाना तिला म्हणतो की दोनदा नाही आलं तर आईबाबांची सही आण, आणि तिची आई सही करत नाही, अंगठा लावते, आणि ती मुलगी तो कागद क्लबहाऊसमध्ये सगळ्यांसमोर आणणार नाही, मी तिला ओळखते. नियम सगळ्यांना सारखा असला तरी तो सगळ्यात आधी कुणाला बाहेर काढतो? तिला दुसरी संधी नाही हे जर आपल्याला खरंच टोचत असेल तर उपाय अगदी साधा आहे, तिनं जे अर्धवट सोडलं ते पुस्तक तिला देऊन टाकायचं. कायमचं. जुनं मुलांचं पुस्तक कितीला मिळतं, टँकरच्या बिलापुढे तो आकडा दिसणारसुद्धा नाही. ती जिथे जाईल तिथे तिची ट्रंक तिच्याबरोबर जाईल.

ठाण्यातल्या माणसांनी हे विसरू नये की हे शहर पुस्तकं सांभाळून ठेवण्यात महाराष्ट्राच्या पुढे होतं. विनायक लक्ष्मण भाव्यांनी 'महाराष्ट्र सारस्वत' लिहून जुन्या मराठी ग्रंथांचा इतिहास मांडला, त्याच भाव्यांच्या पुढाकारानं 1893 मध्ये ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झालं, मुंबईचं नंतर पाच वर्षांनी. कल्पना करा त्या काळातली, गावात रेल्वे येऊन जेमतेम चाळीस वर्षं झाली होती आणि ही माणसं मराठी पुस्तकं एका जागी गोळा करत होती, ज्यांना वाचक मिळेल की नाही याचीही खात्री नव्हती. मी कॉलेजात असताना तिथली मेंबर होते, कित्येक पुस्तकं वीस पानांवर परत केली, काउंटरवर मला कुणी एकदाही विचारलं नाही की पूर्ण वाचलंत का. तारखेचा शिक्का मारला आणि पुस्तक परत फळीवर गेलं, पुढच्या वेळी मी येईन तेव्हा तिथेच असेल अशा बेतानं. ग्रंथालयाचं काम तेवढंच असतं आणि ते काम छोटं नाही.

एमिलच्या गोष्टीत मंगळवार नावाचा एक छोटा मुलगा आहे, जर्मनमध्ये त्याला छोटा डीन्स्टाग म्हणतात. बाकी पोरं चोराच्या मागे पळत असतात आणि याला काम दिलेलं असतं फोनजवळ बसायचं, कुणी फोन केला तर निरोप पोचवायला. सगळी धमाल बाहेर चाललेली, त्यालाही जायचं असतं, पण तो जागेवरून हलत नाही. शेवटी सगळ्यांचं कौतुक होतं तेव्हा एमिलची आजी मुद्दाम या मुलाचं नाव काढते. सातवीत मी त्याच्यापर्यंत पोचलेच नव्हते. सत्तेचाळिसाव्या वर्षी पोचले आणि मला वाटलं, मुलांच्या वाचनात आपलं काम हे या मुलाचं आहे, जागेवर बसून राहायचं, मागे पळायचं नाही, आणि फोन आला की उचलायचा.

रविवारी परत मिटिंग आहे. मी तीन गोष्टी लेखी दिल्यात. तो रकाना काढा आणि सहीची अट काढा. परत आलेल्या पुस्तकात मुलानं ठेवलेली खूण काढून टाकू नका, वर पेन्सिलनं तारीख घाला आणि तशीच राहू द्या. आणि एखादं पुस्तक एखाद्या मुलाकडे राहूनच गेलं तर मागायला जाऊ नका. तिसऱ्या मुद्द्यावर खजिनदारांचा विरोध आहे, पुस्तकं कमी होतील म्हणतात, होतील हे खरं आहे. मजल्यावरच्या त्या मुलानं परत केलेली दोन्ही पुस्तकं मी माझ्या नावावर घेऊन घरी आणलीत आणि दाराशी चपलांच्या कपाटावर ठेवलीत, तो संध्याकाळी माझ्या मुलीला कॅरमला बोलवायला येतो तिथे. त्यातल्या एकात बिस्किटाच्या पुड्याचा कागद आहे, बत्तिसाव्या पानावर. कागद मी काढलेला नाही, आणि त्याला काही विचारलेलंही नाही.